कांजिण्या : दुर्बल प्रतिकारशक्तीच्या प्रौढांमधील गंभीर उपद्रव

कांजिण्या हा व्हॅरिसेला झोस्टर विषाणूमुळे होणारा, हवेतून आणि फोडांतील द्रवाच्या स्पर्शाने पसरणारा रोग. शाळकरी मुलांत तो बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या प्रौढात मात्र विषाणू फुफ्फुसे, यकृत आणि मेंदूपर्यंत पोचू शकतो व जिवावर बेतते. थंड देशांच्या तुलनेत उष्ण प्रदेशांत हा रोग मोठ्या वयात होण्याचे प्रमाण अधिक, त्यामुळे लहानपणी कांजिण्या न झालेले प्रौढ आपल्याकडे बरेच आढळतात.

विषाणूला आवर घालण्याचे काम मुख्यतः टी-पेशी (रक्तातील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) करतात. रक्ताचा कर्करोग, केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे आणि पुढच्या टप्प्यातील एचआयव्ही संसर्ग यांत या पेशी दुबळ्या होतात. सर्वांत दुर्लक्षित गट स्टेरॉइड घेणाऱ्यांचा. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक, असे दोन आठवडे चालू असेल तर धोका गृहीत धरतात. दमा, संधिवात किंवा त्वचाविकारासाठी ही गोळी घेणारा माणूस हिंडता-फिरता असतो. आपली प्रतिकारशक्ती कमी आहे हे त्याच्या गावीही नसते.

निरोगी माणसात नवे फोड येणे काही दिवसांत थांबते. या रुग्णांत ते आठवड्यानंतरही येत राहतात, ताप उतरत नाही, काहींच्या फोडांत रक्त उतरते. काही रुग्णांत सुरुवात पोटाच्या किंवा पाठीच्या असह्य दुखण्याने होते आणि पुरळ काही दिवसांनी दिसते. तोवर रोगी शल्यचिकित्सकाकडे पोचलेला असतो, स्वादुपिंडाच्या किंवा आतड्याच्या विकाराचा शोध चालू असतो. अशा वेळी यकृताच्या तपासणीतील वाढलेले आकडे आणि ‘घरात कोणाला कांजिण्या झाल्या होत्या का?’ हा साधा प्रश्न दिशा दाखवतो. न्यूमोनिया बहुधा पुरळ उठल्यावर १ ते ६ दिवसांत होतो : खोकला, धाप, छातीत दुखणे. धूम्रपान करणाऱ्यांत तो अधिक आढळतो. मेंदूदाह, रक्त गोठण्यातील बिघाड आणि फोडांत होणारा जिवाणुसंसर्ग हे इतर उपद्रव. फोडांचे रूप नेहमीसारखे नसेल तर द्रवाची पीसीआर तपासणी निदान पक्के करते.

उपचार असायक्लोव्हिर या विषाणुरोधक औषधाचा. या रुग्णांना ते शिरेतून देतात, साधारणपणे दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. पुरळ दिसल्यापासून २४ तासांत सुरुवात झाली तर लाभ सर्वाधिक. औषधाचे स्फटिक मूत्रपिंडात साचू नयेत म्हणून शरीरात पाणी पुरेसे ठेवावे लागते, आणि मूत्रपिंड आधीच अधू असेल तर मात्रा घटवतात. घाबरून स्टेरॉइड एकदम बंद करणे हा वेगळाच धोका असतो. ते कमी करायचे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी घरांत कांजिण्यांना शेजारच्या गुजराती बोलीतले ‘अछबडा’ हे नावही चालते आणि ‘माता आल्या’ असेही म्हणतात. श्रावणात रांधण छठीला स्वयंपाक करून शीतळा सातमीला थंड अन्न खाण्याची इथली चाल देवीच्या रोगाशी जोडलेली. तो रोग भारतातून हटल्याची अधिकृत नोंद १९७७ साली झाली, पण मातेचा मान कांजिण्यांकडे राहिला. रोग्याला वेगळ्या खोलीत ठेवण्याची रीत उत्तमच, कडुलिंबाचा पालाही उशाशी असायला हरकत नाही. मातेचा कोप होईल म्हणून औषध टाळणे मात्र या रुग्णांना परवडत नाही. शिवाय खोली वेगळी होते ती फोड दिसल्यावर, आणि संसर्ग फोडांच्या एक-दोन दिवस आधीच सुरू झालेला असतो. नातवाला फोड आले त्या दिवशी स्टेरॉइडवरच्या आजोबांचा संपर्क झालेलाच आहे असे धरावे.

संपर्कानंतर आजार दिसायला १० ते २१ दिवस लागतात, आणि प्रतिबंधाची संधी याच काळात असते. विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिन (या विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे) जितके लवकर तितके बरे, फार तर दहा दिवसांपर्यंत देतात. ते न मिळाल्यास काही डॉक्टर सातव्या दिवसापासून असायक्लोव्हिर देतात. नडियाद किंवा अहमदाबादला मूत्रपिंड बदलून घेऊन बडोद्यात राहणाऱ्यांनी पुरळाची वाट न पाहता तिथल्या पथकाला त्याच दिवशी फोन करावा. घरातल्या कोणाची नागीणही संपर्कच मानावी, कारण विषाणू तोच.

जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली तयार केलेली लस जिवंत पण क्षीण विषाणूची असल्याने तीव्र प्रतिकारक्षीणतेत ती देत नाहीत. प्रत्यारोपणाची तारीख ठरण्याआधी, निदान चार आठवडे अगोदर, ती घेता येते. एरवी ती घरच्यांनी घ्यावी. प्रौढांना दोन मात्रा किमान चार आठवड्यांच्या अंतराने लागतात. लस घेतलेल्याच्या अंगावर क्वचित पुरळ उठते, तसे झाल्यास त्याने रुग्णापासून दूर राहावे.