घर एक, भाडेकरू चार: मग करार एक की चार?

चार रूममेट मिळून घर घ्यायला येतात, तेव्हा घरमालकाला वाटतं की चौघांच्या सह्या एका कागदावर घेतल्या काय किंवा चार कागद केले काय, भाडं तेवढंच येणार. येतंही तेवढंच. फरक कळतो तो सहाव्या महिन्यात चौघांतला एक जण बॅग भरतो तेव्हा.

संयुक्त करारात चौघं मिळून एक भाडेकरू असतात. अख्खं घर त्यांच्या ताब्यात, आणि अख्ख्या भाड्याला प्रत्येक जण बांधील. अशा करारात 'संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारी' असे शब्द असतात. सही करणारे ते वाचून पुढे जातात, पण सगळा करार त्याच शब्दांवर उभा असतो. थकलेली पूर्ण रक्कम मालक चौघांपैकी कुणाही एकाकडे मागू शकतो, फक्त त्याच्या पाव हिश्श्यापुरती नाही. एक जण निघून गेला तर उरलेल्या तिघांनी पूर्ण भाडं भरायचं. मोठ्या खोलीवाल्यानं जास्त द्यायचं की सगळ्यांनी सारखं, हे त्यांनी आपसात ठरवावं. म्हणूनच सह्या घेण्याआधी हे कलम चौघांना समोर बसवून समजावून सांगावं, असं मला कळकळीनं वाटतं. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या मुलाला आपण दुसऱ्याच्या भाड्यालाही बांधले जातोय, याची कल्पना नसते.

खोलीवार करारात प्रत्येकाचा करार स्वतंत्र, डिपॉझिट स्वतंत्र, मुदतही वेगळी असू शकते. भाडेकरूच्या ताब्यात त्याची खोली येते. स्वयंपाकघर, बाथरूम, जिना फक्त वापरायला मिळतात. एक गेला तर बाकीच्यांवर काही बोजा नाही. रिकाम्या खोलीचं नुकसान मालकाचं आणि नवा माणूस शोधायचं कामही मालकाचंच. सामायिक जागेची देखभालही साधारणपणे त्याच्याकडे येते. बऱ्याच ठिकाणी अशा घराला लॉजिंगसारखे नियम लागतात, परवाना किंवा आगीपासून सुरक्षेची वेगळी व्यवस्था लागते. दारांना कुलपं बसवण्याआधी स्थानिक नियम आणि घराच्या विम्याच्या अटी तपासाव्यात.

डिपॉझिटचं उदाहरण घ्या. ओट्यावर गरम कढईचा काळा गोल डाग पडलाय. संयुक्त करार असेल तर डिपॉझिट एकच. दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होतो, कढई कुणी ठेवली हे शोधावं लागत नाही. खोलीवार करारात चौघंही 'मी नाही' म्हणतात आणि डाग कुणी पाडला ते सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात येतं. सामायिक जागेच्या नुकसानीची वाटणी कशी करायची, हे चारही करारांत आधीच लिहिलेलं हवं. राहायला येण्याच्या दिवशी ओट्याचे, बेसिनचे, भिंतींचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत.

खरा घोटाळा होतो तो दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळल्यामुळे. कागद संयुक्त, पण मालक दरमहा चौघांकडून वेगवेगळे पैसे घेतो, चार पावत्या देतो, एकाला परस्पर सोडून त्याचं डिपॉझिट त्याच्या हातात ठेवतो. मग वाद झाला की उरलेले तिघं म्हणतात, आमचा व्यवहार तर खोलीपुरताच होता. त्यांच्या हातात पावत्या असतात. कागदावर जे आहे तेच वागण्यात असायला हवं: संयुक्त करार असेल तर भाडं एकरकमी घ्या, पावती सगळ्यांच्या नावानं द्या.

माझं मत विचाराल तर, आधीपासून एकमेकांना ओळखणाऱ्या मित्रमैत्रिणींच्या गटाला संयुक्त करार. एकमेकांना अनोळखी माणसं एकेक करून येणार असतील तर खोलीवार. अनोळखी माणसाच्या थकबाकीला दुसऱ्या अनोळखी माणसाला बांधून ठेवणं मला न्याय्य वाटत नाही.

संयुक्त करारात माणूस बदलायचा असेल तर नुसता होकार देऊ नका. जाणारा, येणारा, राहणारे तिघं आणि मालक, सगळ्यांच्या सह्यांचा नवा कागद करा. जाणाऱ्याच्या डिपॉझिटचा वाटा येणाऱ्यानं त्याला दिला, तो कधी सुटला आणि हा कधीपासून बांधील झाला, हे तारखेनिशी त्यात लिहा.