सुईण आणि बाळंतीण

घरी बाळंतपण करणाऱ्या अनुभवी स्त्रीला सुईण म्हणतात. विदर्भात दाई हा शब्द अधिक चालतो. सुईण बहुधा गावातलीच असे, कित्येकदा बाळंतिणीच्या आईचे बाळंतपणही तिनेच केलेले असे. पहिलटकरीण माहेरी आली की सुईण तिचे पोट चाचपून बाळाचे डोके कुठे आहे ते पाही. कळा सुरू झाल्यावर बाई मोकळी होईपर्यंत तिथून हलत नसे. कंबर चोळी, चालायला लावी, उकिडवे बसवी. वार पडल्यावर, नाळ कापल्यावरही तिचे येणे थांबत नसे. आई-बाळाला तेल लावायला, न्हाऊ-शेकायला ती पुढे कित्येक दिवस येई. दूध उतरत नाही, अंगावरून फार जाते, हे सासूसमोर न निघणारे बोलणे तिच्यापाशी निघे.

या जवळिकीला जातीचे कुंपण होते. सुईणी पुष्कळदा मातंग आणि इतर दलित समाजांतल्या असत. बाळंतपणाचा विटाळ मानला जाई, म्हणून वार पुरणे, रक्ताचे कपडे धुणे त्यांच्या वाट्याला येई. ज्या हातांनी बाळ झेलले, त्या हातांना त्याच घराच्या चुलीपाशी जागा नसे. मोबदला म्हणजे पायलीभर धान्य, नारळ, फार तर लुगडे. सुईणीच्या मायेचे कौतुक करताना हे झाकून ठेवणे अन्यायाचे आहे. शिवाय बाई अडली किंवा रक्तस्राव थांबेना, तर तिच्यापाशी उपाय नसे आणि अनेक आया त्यातच गेल्या.

दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रियांना पैशाची मदत देणारी जननी सुरक्षा योजना २००५ साली सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील संस्थात्मक, म्हणजे दवाखान्यात होणाऱ्या, प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे ९५ टक्के झाले. यातून जीव वाचले. मात्र कळा एकटीने सोसणे, कामाची पाळी बदलली की सिस्टरही बदलणे, ओरडले म्हणून अपमान होणे, अशा तक्रारी बायका वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. प्रसूतीच्या वेळी कोण काय बोलले, ते त्यांना शब्दन् शब्द आठवते.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाईला बाजूला सारले नाही. घरच्या बाळंतपणात गावातलीच प्रशिक्षित आरोग्यदूत तिच्या जोडीने नवजात बाळाची काळजी घेई.

सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ साली सांगितले. नोंदणीकृत परिचारिकांना १८ महिन्यांचे प्रसाविका (मिडवाइफ) होण्याचे प्रशिक्षण देण्याचे धोरण २०१८ मध्ये आले. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत ओळखीच्याच प्रसाविका सोबत असल्या, तर स्त्रियांचे समाधान वाढते आणि चिमटा लावून प्रसूती करण्याची वेळ कमी येते, असे परदेशांतील अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे मात्र गरोदरपणात तपासणारी एक आणि प्रसूतिकक्षात भेटणारी दुसरीच, हेच अजून बहुतेकींच्या वाट्याला येते.