मल्टिपल स्क्लेरोसिस आणि व्यायाम : एका जुन्या समजाचा खुलासा

मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंचे आवरण झिजवणारा आजार) झालेल्या व्यक्तीने व्यायाम केल्यास आजार बळावतो, म्हणून तिने विश्रांतीच घ्यावी, हा वर्षानुवर्षे सांगितला जाणारा समज चुकीचा आहे. श्रमानंतर काही रुग्णांची दृष्टी अंधूक होते, असे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० साली नोंदवले होते. पुढे स्पष्ट झाले की याला कारण श्रम नव्हे, तर शरीराचे वाढलेले तापमान आहे. मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण झिजलेले असले, की तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी संदेशवहन अडखळते आणि शरीर थंड होताच पूर्ववत होते. मज्जातंतूंना नवी इजा त्यातून होत नाही.

उलट, लादलेल्या विश्रांतीने स्नायू दुबळे होतात, सांधे आखडतात, आणि हे टाळता येण्यासारखे नुकसान आजाराच्याच माथी मारले जाते, हे अधिक क्लेशदायक आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १५ आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाने रुग्णांची तंदुरुस्ती वाढल्याचे दिसले. त्यामुळे फिजिओथेरपिस्ट आता व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवतात, मध्ये विसावा ठेवतात, पंखा व थंड पाणी जवळ ठेवायला सांगतात. मात्र एखादे नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर ते उष्णतेमुळेच आहे असे गृहीत न धरता डॉक्टरांना कळवावे.