सशाचं पोट आणि त्याचा ट्रे

इंदूरच्या रामबागेतल्या एका ओळखीच्या घरून परवा फोन आला. दोन महिन्यांचं सशाचं पिल्लू आणलंय, ते लेंड्या घरभर टाकतं आणि वर स्वतःचीच विष्ठा खातं. आजींनी दृष्ट काढून पाहिली, मुलांनी चापट मारून पाहिली. पिल्लू फक्त घाबरून पलंगाखाली बसायला लागलं. सशाला ट्रेची सवय नक्की लागते, पण ती लावण्याआधी त्याच्या मोठ्या आतड्यात काय चालतं ते समजून घ्यायला हवं.

गवतातलं सेल्युलोज फोडणारं एन्झाइम सशाकडे स्वतःचं नसतं. ते गायीकडेही नसतं. तिचं काम पोटाच्या कप्प्यांमधले जिवाणू करतात. सशाचे जिवाणू राहतात अंधनालात, म्हणजे लहान आतडं संपून मोठं सुरू होतं तिथल्या पिशवीत. आपल्याकडे अपेंडिक्स लोंबतं ती हीच जागा. सशात ही पिशवी जठरापेक्षा कितीतरी मोठी असते. अडचण अशी की अन्न शोषून घेणारं लहान आतडं या पिशवीच्या आधी येतं. मग जिवाणूंनी तयार केलेली प्रथिनं आणि बी गटातली जीवनसत्त्वं शोषायची कुठे?

यावरचा सशाचा तोडगा मला प्राणिसृष्टीतल्या सर्वांत सुंदर रचनांपैकी एक वाटतो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात फुगवट्यांच्या रांगा असतात. अन्न तिथे पोचलं की आतड्याची भिंत पाणी सोडते आणि फुगवटे उलट्या दिशेने आकुंचन पावू लागतात. बारीक कण पाण्याबरोबर भिंतीलगत जमतात आणि मागे अंधनालात ढकलले जातात. साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड तंतू मधोमध राहून पुढे सरकतात. इंदूरकरांना ओला-सुका कचरा वेगळा करायला गाडी आणि दोन डबे लागतात, ससा ते आतड्यातच उरकतो. पुढे ‘फ्यूसस कोली’ नावाचा जाड स्नायूंचा आणि दाट मज्जातंतूंचा भाग लागतो. हे सशांच्या कुळाचंच वैशिष्ट्य. आकुंचनांची लय हा भाग ठरवतो आणि तंतूंमधलं पाणी पिळून काढतो. बाहेर पडते ती गोल, कोरडी लेंडी.

काही तासांनी सगळं पालटतं. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं, प्रोस्टाग्लँडिन या संप्रेरकांसारख्या रसायनांचा प्रभाव वाढतो, उलटी आकुंचनं थांबतात आणि आता अंधनालातला आंबलेला माल पुढे निघतो. त्यावर श्लेष्माचं आवरण चढतं, फ्यूसस कोली हलकाच दाब देतो आणि मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या गोळ्या तयार होतात. यांना सीकोट्रोप म्हणतात. ससा मान वळवून त्या थेट गुदद्वारातूनच तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. आवरणामुळे जठरातल्या आम्लातही आतले जिवाणू काही तास तग धरतात, मग लहान आतड्यात सगळं पचतं. पिल्लू जे ‘घाण’ खाताना दिसलं, ते त्याचं दुसरं जेवण होतं. त्यापासून त्याला अडवू नये. जमिनीवर पडलेल्या मऊ गोळ्या वारंवार दिसू लागल्या, तर मात्र पाकिटातलं खाद्य कमी करून गवत वाढवावं आणि दात व वजन तपासून घ्यावं.

आता ट्रे. कोरड्या लेंड्या पडतात त्या चरताना, त्यामुळे वाळलेलं गवत ट्रेच्या टोकाला किंवा अगदी वरच ठेवायचं. आत बसूनच ससा खातो आणि लेंड्याही तिथेच पडतात. आधी त्याला छोट्या जागेत ठेवा, तो आपणहून कोपरा निवडेल. ट्रे तिथे सरकवा. चुकून बाहेर शू झाली तर ती टिपलेला कागद आणि काही लेंड्या ट्रेमध्ये टाका, बाहेरची जागा व्हिनेगरने पुसा. रानातले युरोपीय ससेही ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग करतात, वासाने आपली हद्द सांगतात. आपल्या घरातले ससे त्यांचेच वंशज. ट्रेमध्ये वर्तमानपत्र किंवा कागदी गोळ्या चालतात. मांजरांसाठी विकली जाणारी, ओली झाली की गोळा होणारी माती नको. पोटात गेली तर आतडं तुंबतं. देवदाराचा भुसाही नको.

चार महिन्यांच्या आसपास पिल्लू वयात येतं आणि शिकलेलं सगळं मोडून शू उडवायला लागतं. हा संप्रेरकांचा परिणाम आहे. सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडून नसबंदी करून घेतली की बहुतेक वेळा ते आवरतं. मादीत गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोकाही त्यामुळे टळतो.

ससा घरावरची पीडा अंगावर घेतो, असं काही लोक सांगतात. त्यावर विश्वास ठेवला की आजारी ससा ‘पीडा घेतोय’ म्हणून तसाच राहतो. त्याहून घातक समज म्हणजे सशाला पाणी पाजू नये. दर किलो वजनामागे तो दिवसाला 50 ते 150 मिलिलिटर पाणी पितो, आणि त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा भांड्यात पाणी हवंच.

ट्रे रोज साफ करताना लेंड्यांवर नजर असू द्या. त्या लहान होत गेल्या किंवा दहा-बारा तास एकही पडली नाही आणि ससा खातही नसेल, तर आतडं थांबलेलं असू शकतं. अशा वेळी घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच पशुवैद्याकडे जावं. शहरात सशांचा अनुभव असलेला डॉक्टर मिळाला नाही, तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारावं.