टी पेशींना विषाणूची खबर देतं कोण?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, कोल्हापुरात राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत चर्चा एकच: अँटीबॉडी किती आल्या? टी पेशींचं, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचं, नाव कुणी काढत नव्हतं, कारण त्या मोजायची सोय गल्लीतल्या लॅबमध्ये नसते. लस टोचलेल्या बाजूच्या काखेत काहींना अवधाण यायचं. टी पेशी जाग्या होण्याचं ठिकाण तेच. डेंड्रायटिक पेशी, म्हणजे शरीरातल्या पहारेकरी पेशी, विषाणूच्या किंवा लशीच्या प्रथिनाचे तुकडे घेऊन तिथल्या लसिका ग्रंथीत पोचतात आणि जवळून जाणाऱ्या टी पेशींपुढे ते धरतात. जिच्या रिसेप्टरला (पृष्ठभागावरच्या खाचेला) तुकडा नेमका बसतो ती थांबते, फुगते, विभागू लागते.

फांद्या फुटलेल्या या पेशी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेत ओळखल्या गेल्या. कातडीतली त्यांची भावंडं १८६८ मध्येच दिसली होती, पण ती चेतापेशी समजली गेली. शोधानंतरही बरीच वर्षं टी पेशींना उठवण्याचं श्रेय मॅक्रोफेजनाच (जंतू गिळणाऱ्या पेशींना) मिळत राहिलं, हा अन्यायच होता.

खरा वाद पुढचा. पेशीच्या आत तयार झालेलं प्रथिनच एमएचसी वर्ग १ वर, म्हणजे लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या ‘मारेकरी’ टी पेशींना तुकडे दाखवणाऱ्या पृष्ठभागावरच्या रेणूंवर, मांडलं जातं, असा नियम सांगितला जाई. मग विषाणू डेंड्रायटिक पेशीत शिरलाच नाही, तर मारेकरी टी पेशींना उठवणार कोण? परक्या पेशींतला माल उचलून यजमानाच्या पेशी तो स्वतः मांडतात, असं १९७६ च्या उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं होतं. याला क्रॉस-प्रेझेंटेशन म्हणतात. १९९९ मध्ये पोलिओच्या विषाणूवर नामी प्रयोग झाला. उंदरांना माणसाचा पोलिओ रिसेप्टर दिला, अस्थिमज्जा मात्र रिसेप्टर नसलेली बसवली. म्हणजे मज्जेतून येणाऱ्या पेशींना (डेंड्रायटिक पेशी त्यांतल्याच) विषाणूची लागण होणं शक्यच नव्हतं. तरीही टी पेशी उठल्या. मला हा पुरावा निर्णायक वाटतो. तरी या शास्त्रातली फार मोठी माणसं, खऱ्या संसर्गात हा अपवादच, असं म्हणत राहिली.

२००८ मध्ये डेंड्रायटिक पेशींचा एक खास प्रकारच नसलेले उंदीर तयार झाले. वेस्ट नाइल विषाणूविरुद्ध त्यांच्या मारेकरी टी पेशी लंगड्या पडल्या. २०१८ मध्ये याच पेशींच्या क्रॉस-प्रेझेंटेशनला लागणारा एक जनुक काढला, तेव्हाही विषाणूविरुद्धच्या टी पेशी तयार होईनात. आता वाद उरलाय तो कुठल्या विषाणूत किती, एवढाच. दर पावसाळ्यात आपल्याकडे डोकं वर काढणारा डेंग्यूचा विषाणू तर थेट डेंड्रायटिक पेशींतच शिरतो. तिथे थेट लागणीच्या वाटेनं किती आणि क्रॉस-प्रेझेंटेशनच्या वाटेनं किती काम झालं, हे वेगळं काढणं आणखी अवघड.