डिस्क तपासणी : मोठ्या हार्ड डिस्कवर ती का अडते

हार्ड डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणारी फाइल प्रणाली शाबूत आहे का, हे पाहणाऱ्या प्रोग्रॅमला डिस्क तपासणीचा प्रोग्रॅम म्हणतात. विंडोजमध्ये तो चेकडिस्क, युनिक्स-लिनक्समध्ये एफएससीके. दुरुस्तीच्या दुकानात ‘चेकडिस्क मारून बघा’ हा पहिला सल्ला असतो आणि लहान डिस्कवर तो बहुधा खपूनही जातो. डिस्क चार, आठ किंवा अठरा टीबीची असली की मात्र तपासणी तासन्‌तास एकाच टक्क्यावर थांबते, सुरूच व्हायला नकार देते, किंवा दर वेळी तीच चूक ‘दुरुस्त’ करत राहते. या अडण्याची कारणे तीन जातींची आहेत : डिस्कचे यंत्र मरणपंथाला लागलेले असते, फाइल प्रणालीचा हिशेब बिघडलेला असतो, किंवा तपासणाऱ्या प्रोग्रॅमला (अथवा मधल्या जोडणीला) एवढे मोठे आकडे मोजताच येत नाहीत. एकीवरचा उपाय दुसरीत घातक ठरतो, म्हणून जात आधी ओळखावी लागते.

चेकडिस्क ही आज्ञा १९८० साली प्रोग्रॅमर टिम पॅटरसन यांनी ८६-डॉस या पुढे डॉस झालेल्या प्रणालीसाठी लिहिली. पुढच्याच वर्षी आयबीएम पीसीबरोबर आलेल्या डॉसच्या फ्लॉपीवर १६० केबी मावत. आठ टीबीच्या एका डिस्कमध्ये अशा जवळजवळ पाच कोटी फ्लॉप्या बसतील. आज्ञेचे नाव तेच राहिले, आतले काम अनेकदा नव्याने लिहिले गेले.

विंडोजची एनटीएफएस ही फाइल प्रणाली १९९३ साली विंडोज एनटी ३.१ बरोबर आली. तिच्या मुळाशी मास्टर फाइल टेबल असते : प्रत्येक फाइलीची साधारण एक केबीची नोंद, आणि तिच्यात फाइलीचे नाव, तारखा, मजकूर डिस्कवर कुठे आहे त्याचा पत्ता. हे तलाठ्याच्या दप्तरासारखे आहे. कोणता गट कोणाच्या नावावर हे सातबाऱ्यात असते, जमीन प्रत्यक्षात शेतावर असते. नुसती चेकडिस्क किंवा ‘/एफ’ (सापडलेले दुरुस्तही कर) जोडलेली चेकडिस्क दप्तरच तपासते : पहिल्या टप्प्यात फाइलींच्या नोंदी, दुसऱ्यात फोल्डरांच्या सूची, तिसऱ्यात मालकी-परवानग्यांचे तपशील. ‘/आर’ जोडले की चौथ्या आणि पाचव्या टप्प्यात प्रोग्रॅम थेट शेतावर मोजणीला जातो. आधी फाइलींनी व्यापलेली जागा, मग मोकळी, असा प्रत्येक क्लस्टर (फाइलींना जागा वाटून देण्याचा सर्वांत लहान तुकडा) वाचून पाहतो.

वेळेचा फरक यातूनच पडतो. पहिले तीन टप्पे फाइलींच्या संख्येवर अवलंबून असतात, शेवटचे दोन डिस्कच्या क्षमतेवर. सेकंदाला सरासरी १६० एमबी वाचणाऱ्या आठ टीबीच्या निरोगी डिस्कला एकदा पूर्ण वाचायला ५०,००० सेकंद, म्हणजे सुमारे चौदा तास लागतात. त्यात वाचता न येणारे सेक्टर (डिस्कवरचे सर्वांत लहान कप्पे) लागले, की डिस्क प्रत्येकावर काही सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ, पुनःपुन्हा प्रयत्न करते. असे काही हजार सेक्टर असले तर दिवस उलटतात. तेव्हा ‘अडकली’ म्हणण्याआधी विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्कचे वाचन चालू आहे का हे बघावे. वाचन चालू असेल तर ती अडकलेली नाही, हळू आहे. ‘/आर’च्या मध्येच वीज तोडण्याची घाई बऱ्याच डिस्कांना भोवते.

मायक्रोसॉफ्टने २०१२ साली विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ मध्ये ही पद्धत बदलली. ‘/स्कॅन’ चालू डिस्कवरच तपासणी करून दोषांची यादी बनवते आणि ‘/स्पॉटफिक्स’ डिस्क थोडा वेळ बाजूला काढून यादीतले तेवढे दोष दुरुस्त करते. डिस्क बंद ठेवायचा काळ त्यामुळे फाइलींच्या संख्येऐवजी दोषांच्या संख्येवर अवलंबून राहिला. त्याआधी, २००९ साली, विंडोज ७ मधली ‘/आर’ तपासणी जवळजवळ सगळी मेमरी गिळते म्हणून मोठा गहजब झाला होता. हा दोष नसून वेग वाढवण्यासाठी जाणूनबुजून केलेली रचना आहे, असे उत्तर कंपनीने दिले. तांत्रिक अर्थाने ते खरे असेल, पण कमी मेमरीच्या संगणकावर मोठी डिस्क तपासणाऱ्याला त्याचा दिलासा वाटण्यासारखा नव्हता.

मोजणीच्या मर्यादांचा प्रकार सर्वांत कमी ओळखला जातो. विंडोज ९८ मधला स्कॅनडिस्क हा १६ बिटी तपासणीचा प्रोग्रॅम फॅट या जुन्या फाइल प्रणालीचे कोष्टक १६ एमबीपेक्षा ६४ केबीने लहान असेल तरच हाताळू शके. ३२ केबीच्या क्लस्टरांच्या हिशेबाने ही मर्यादा १२७.५३ जीबी होते. त्याहून मोठी डिस्क निरोगी असूनही तपासणी होत नसे. त्याच सुमाराची दुसरी मर्यादा १३७ जीबीची. सेक्टरचा पत्ता २८ बिटांत लिहिला की याहून पुढे जाता येत नाही. ४८ बिटी पत्त्यांची सोय चालू नसलेल्या विंडोजने मर्यादेपलीकडे लिहिलेला मजकूर डिस्कच्या आरंभी जाऊन पडू शके, आणि आरंभीच तर दप्तर असते. अशा डिस्कवर चेकडिस्क कितीही वेळा चालवा, नवा बिघाड तयार होतच राहणार.

पुढची भिंत ३२ बिटांची. ५१२ बाइटांच्या सेक्टरांत ती सुमारे २.२ टीबीवर येते. जुन्या यूएसबी केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) तीन टीबीची डिस्क घातली आणि ती ७४६ जीबीची दिसली, तर डिस्क बिघडलेली नाही. केसमधल्या चिपने २.२ टीबीची एक फेरी पूर्ण करून उरलेले तेवढे सांगितले आहे. ती डिस्क अशा केसमधून तपासूच नये. उलट, काही केस मोठ्या डिस्कचे सेक्टर ४ केबीचे करून दाखवतात. तिथे भरलेली डिस्क काढून थेट संगणकाला जोडली की विभागांचे कोष्टक जुळत नाही आणि डिस्क रिकामी किंवा ‘रॉ’, म्हणजे फाइल प्रणाली न ओळखलेली, दिसते. त्याच केसमध्ये परत घातली की सगळे जागच्या जागी.

लिनक्समध्ये हीच भिंत डिस्कवरच्या खराब जागा शोधणाऱ्या बॅडब्लॉक्स या प्रोग्रॅमला लागते. तो ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांत ठेवतो. १,०२४ बाइटांचा ब्लॉक धरला तर ४.४ टीबीच्या पुढची डिस्क तो नाकारतो, आणि शेवटचा ब्लॉक ३२ बिटी आकड्यातच हवा अशी तक्रार करतो. ब्लॉक ४,०९६ चा केला की सोळा टीबीची डिस्क बसते, कारण तिच्यात सुमारे ३९१ कोटी ब्लॉक होतात आणि मर्यादा सुमारे ४२९ कोटींची आहे. अठरा टीबीच्या डिस्कचे मात्र ४३९ कोटी होतात, आणि तपासणी पुन्हा पहिल्याच ओळीत संपते. ब्लॉक ८,१९२ चा केला की चालते. पण त्या मापाने मिळालेले खराब ब्लॉकांचे क्रमांक ४,०९६ मापाच्या फाइल प्रणालीच्या दुरुस्तीला देऊ नयेत. माप वेगळे, म्हणून क्रमांकही वेगळ्याच जागेचे.

यंत्राचा बिघाड ओळखायला चेकडिस्क लागत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्मार्ट नावाच्या कोष्टकात ठेवते. त्यातला ५ वा आकडा बदली दिलेल्या सेक्टरांचा, १९७ वा वाचता न आल्याने निकाल प्रलंबित असलेल्यांचा, १९८ वा हाती न लागणाऱ्यांचा. १९९ वा आकडा वाढत असेल तर संशय डेटा केबलवर घ्यावा. शंभर-दोनशे रुपयांच्या केबलपायी चांगल्या डिस्का भंगारात गेल्या आहेत. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्क’ या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद खराब ब्लॉकची आणि १५३ क्रमांकाची पुन्हा प्रयत्न करावा लागल्याची असते. एनटीएफएसच्या नावाची ५५ क्रमांकाची नोंद दप्तरातल्या बिघाडाची. स्मार्टवर एकतर्फी विश्वास ठेवता येत नाही. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. मात्र वाचन-तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. म्हणजे स्वच्छ स्मार्टने निश्चिंत होऊ नये, मळक्याने मात्र लगेच सावध व्हावे.

प्रलंबित सेक्टरावर नवे काही लिहिले गेले की तो एकतर सुधारतो, नाहीतर डिस्क त्याला राखीव जागेतून बदली देते. दोन्ही प्रकारांत प्रलंबित आकडा खाली येतो. ‘बॅड सेक्टर काढून देतो’ या दुकानी आश्वासनामागे बहुतेक वेळा एवढेच असते, आणि त्या लिहिण्यात जुना मजकूर जातो. ‘/आर’ही वाचता येईल तेवढेच वाचवते. जो क्लस्टर वाचता येत नाही तो खराब म्हणून नोंदवते आणि त्यातला तुकडा सोडून देते. फाइल प्रणाली सुसंगत करणे हे चेकडिस्कचे काम आहे, लग्नाचे फोटो वाचवणे हे नाही.

म्हणून स्मार्टमध्ये १९७ किंवा १९८ शून्याच्या वर दिसत असेल तर त्या डिस्कवर ‘/एफ’ वा ‘/आर’ चालवूच नये. आधी तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर सेक्टर-न्‌-सेक्टर प्रत घ्यावी. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम चांगला : तो सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडणाऱ्या जागा नंतरसाठी ठेवतो आणि कुठपर्यंत आलो ते वेगळ्या फाइलीत लिहितो, त्यामुळे वीज गेली तरी पुढून सुरू करता येते. दुरुस्ती मग प्रतीवर करायची. मूळ डिस्कवरचे ‘खराब’ शिक्केही प्रतीबरोबर नव्या, धडधाकट डिस्कवर येतात. ते पुन्हा तपासून काढायला ‘/बी’ आहे.

डिस्क आणि केबल दोन्ही ठीक असूनही दर तपासणीत वेगवेगळ्या चुका निघत असतील तर संगणकाची मेमरी तपासावी. खराब रॅममधून वाचलेले चांगले दप्तरही चुकीचे दिसते, आणि चेकडिस्क ते प्रामाणिकपणे ‘सुधारते’. चालू विंडोजच्या डिस्कवर ‘/एफ’शिवाय केलेल्या तपासणीतही खोट्या चुका दिसतात, कारण तपासता तपासता मजकूर बदलत असतो. दोष कधी खुद्द प्रोग्रॅमचाही असतो. डिसेंबर २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर ‘/एफ’ चालवलेल्या काही संगणकांची फाइल प्रणालीच बिघडली आणि ते सुरू होईनात. मायक्रोसॉफ्टने ते मान्य करून दुरुस्ती दिली.

संदेशांपैकी ‘अनस्पेसिफाइड एरर’ हा सर्वांत निरुपयोगी वाटणारा. त्याच्या कंसात ७६६एफ६सी७५६डी६५२ई६३ ३एफ१ अशी अगम्य माळ येते. तिचे दोन-दोनचे तुकडे पाडून अक्षरे लावली तर ७६ म्हणजे व्ही, ६एफ म्हणजे ओ, ६सी म्हणजे एल असे करत ‘व्हॉल्यूम.सी’ हे नाव निघते. प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरातली ही फाइल दिसते, आणि पुढचा ३एफ१, म्हणजे १००९, हा बहुधा तिच्यातल्या ओळीचा क्रमांक. डिस्कला काय झाले हे यातून कळत नाही, प्रोग्रॅम कुठे गोंधळला एवढे कळते. याउलट, विंडोज रिकव्हरीच्या काळ्या पडद्यावरून तपासणी केल्यावर शेवटी येणारा ‘स्टेटस ५०’ पाहून बरेच जण घाबरतात आणि तपासणी पुन्हा लावतात. तिथे अहवाल लिहायला नोंदवहीच उपलब्ध नसते, एवढाच त्याचा अर्थ. निकाल वरच्या ओळींत आधीच आलेला असतो.