छिनची मातीची फौज आणि हान यांगलिंगच्या बिनहाताच्या मूर्ती

चीनच्या मातीच्या सैनिकांवरच्या लेखांबरोबर एक छायाचित्र वरचेवर फिरत असते. लांबट खड्ड्यात दाटीने उभ्या असलेल्या तांबूस मूर्ती, अंगावर कपडा नाही, खांद्यापासून हात नाहीत. खाली मथळा असतो ‘टेराकोटा आर्मी’. कुठे कुठे जोडीला खुलासाही असतो, की लुटारूंनी यांचे हात तोडून टाकले. मथळा चुकीचा आहे आणि खुलासाही. त्या मूर्ती चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याच्या फौजेतल्या नाहीत. त्याचे घराणे संपल्यानंतर आलेल्या हान घराण्यातल्या जिंग या सम्राटाच्या समाधीभोवती त्या पुरल्या होत्या. त्यांचे हात कोणी तोडलेले नाहीत, ते कुजून गेले.

घोळ होणे साहजिक आहे. दोन्ही ठिकाणे शाआन्शी प्रांतात, शिआन शहराच्या आसपास. दोन्हीकडे भाजलेल्या मातीची माणसे, दोन्हीकडे सम्राटाची समाधी आणि तिच्या बाहेर खोदलेले खड्डे. शिवाय दोन्ही समाध्यांचा मुख्य ढिगारा आजवर उकरलेला नाही, त्यामुळे जे काही बोलले जाते ते या बाहेरच्या खड्ड्यांविषयीच.

आधी छिनची फौज. मार्च १९७४मध्ये लिन्थोंगजवळच्या शीयांग गावचे शेतकरी विहीर खणत होते, तेव्हा मातीची डोकी आणि धडांचे तुकडे वर आले. पुढे जो पहिला खड्डा उघडला तो सुमारे २३० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद निघाला. त्यात पायदळ आणि रथ आहेत. दुसऱ्यात घोडदळ, रथ आणि धनुर्धारी असे मिश्र दल. तिसरा लहान, तो सेनापतींचा तळ मानला जातो. चौथा रिकामाच सापडला. एकूण सैनिक सुमारे ८,००० असावेत असा अंदाज आहे आणि त्यातले बरेचसे अजून मातीखालीच आहेत. हे सगळे खड्डे समाधीच्या ढिगाऱ्यापासून पूर्वेला सुमारे दीड किलोमीटरवर आहेत.

हे सैनिक माणसाएवढे, काही तर त्याहून उंच. पाय भरीव, धड आतून पोकळ, मातीची वळी एकावर एक रचून उभे केलेले. डोके वेगळे करून वर बसवलेले. साचे वापरले आहेतच, पण कान, मिशा, भुवया, डोक्यावरचा केसांचा बुचडा हे हाताने घडवल्यामुळे चेहरे वेगवेगळे दिसतात. आपल्या तुलनेसाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की यांचा पोशाख मातीचाच आहे. चिलखताच्या पट्ट्या, त्यांचे खिळे, कमरेचा पट्टा, अंगरख्याच्या चुण्या, सगळे मातीत कोरलेले. गुडघा टेकून बसलेल्या धनुर्धाऱ्याच्या जोड्याचा तळ पाहा, त्यावर शिवणीचे टाकेसुद्धा आहेत. मातीची नव्हती ती फक्त शस्त्रे. तलवारी, भाल्यांची पाती, बाणांची टोके खऱ्या ब्राँझची होती. भाल्यांचे आणि धनुष्यांचे लाकूड गेले, म्हणून आज कित्येकांच्या मुठी रिकाम्या दिसतात.

राखाडी रंग हाही यांचा मूळ रंग नव्हे. मातीवर आधी लाखेचा थर आणि त्यावर लाल, हिरवे, निळे, जांभळे रंग चढवले होते. दोन हजार वर्षे ओल्या मातीत राहिलेली ही लाख कोरड्या हवेत आली की काही मिनिटांत आक्रसते, तिचे पापुद्रे सुटतात आणि रंग त्यांच्याबरोबर गळून पडतो. पुढे हा थर जागच्या जागी टिकवण्याच्या पद्धती निघाल्या, पण सुरुवातीच्या खोदकामात गेलेला रंग गेलाच.

आता हान यांगलिंग. ही सम्राट जिंग आणि सम्राज्ञी वांग यांची समाधी. जिंगची कारकीर्द इ.स.पू. १५७ ते १४१. छिन शी हुआंग इ.स.पू. २१०मध्ये वारला, म्हणजे दोघांत जेमतेम दोन-तीन पिढ्यांचे अंतर. १९९०मध्ये विमानतळाकडे जाणारा रस्ता बांधताना इथले खड्डे उघडकीला आले.

इथल्या मूर्ती सुमारे ६० सेंटिमीटर उंच, म्हणजे माणसाच्या एकतृतीयांश. अंग नग्न, त्वचेच्या रंगाने रंगवलेले, केस आणि डोळे काळे. खांद्याच्या जागी आरपार भोक. त्या भोकातून लाकडी हात बसवलेले असत आणि ते हलवता येत. अंगावर रेशमाचे किंवा तागाचे खरे कपडे, शिपायांना चिलखते. महाराष्ट्रात उभ्या गौरींचा मुखवटा तेवढा घडवलेला असतो आणि बाकीचे रूप साडी-दागिन्यांनी येते. इथेही मातीचे काम शरीरापुरते होते, माणूस पुरा होत होता तो कपड्यांनी. कापड आणि लाकूड मातीत मिसळून गेले आणि आपल्यासमोर उरली ती उघडी शरीरे. सर्वांत चमत्कारिक दिसतात ते घोडेस्वार. त्यांचे घोडे लाकडाचे होते, तेही कुजले, त्यामुळे हे स्वार पाय फाकवून हवेतच बसल्यासारखे दिसतात.

शरीर असे बारकाईने घडवल्यामुळे एक गोष्ट कळते, जी छिनच्या सैनिकांवरून कळणे शक्य नाही. यात पुरुष आहेत, स्त्रिया आहेत आणि वेगळे ओळखू येणारे नपुंसक केलेले राजसेवकही आहेत. म्हणजे ही नुसती फौज नाही. ढिगाऱ्याच्या चारही बाजूंना ऐंशीहून अधिक लांबट खड्डे किरणांसारखे पसरले आहेत. त्यांत मातीच्या गाई, मेंढ्या, डुकरे, कुत्रे, कोंबड्या आहेत, धान्य आहे आणि खात्यांच्या मुद्रा आहेत. राजाचा मुदपाकखाना, विणकामशाळा, राजकुळाचा कारभार अशा खात्यांच्या. एका खड्ड्यातल्या वनस्पतींच्या अवशेषांत चहाच्या पानांचे कोंब ओळखले गेले. ते संशोधन २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. छिनच्या खड्ड्यांत रांगा लावून उभे आहे ते सैन्य. यांगलिंगच्या खड्ड्यांत अख्खा वाडा आणि त्याची कचेरी आहे.

मग मूर्ती लहान का? ‘हान राजे काटकसरी होते’ हे उत्तर सर्रास दिले जाते. त्याला थोडा आधार आहे. जिंगचा बाप वन याने आपल्या समाधीत सोने, चांदी, तांबे, कथील वापरू नये, फक्त मातीची भांडी ठेवावीत असा हुकूम दिल्याची नोंद ‘शीजी’ या प्राचीन इतिहासग्रंथात आहे. तरी मला हे उत्तर अपुरे वाटते. हजारो मूर्तींसाठी मापाचे रेशमी कपडे शिवणे, सांध्यात फिरणारे हात बसवणे, हे स्वस्तातले काम नव्हे. बदल झाला तो मूर्तीने काय करायचे या कल्पनेत. छिनच्या कारागिराने माणूस कपड्यांसकट मातीत पक्का केला, एका पवित्र्यात कायमचा. हानच्या कारागिराने कपडे घालता येतील आणि हात हलतील असे शरीर दिले. यांगलिंगला ‘छोटी टेराकोटा आर्मी’ म्हणणे म्हणूनच मला खटकते. त्यात ही कल्पनाच पुसली जाते.

प्रत्यक्ष पाहतानाही फरक जाणवतो. लिन्थोंगला प्रचंड छपराखाली वरून खाली पाहायचे. यांगलिंगच्या २००६मध्ये उघडलेल्या भूमिगत संग्रहालयात खड्डे काचेने बंद केलेले आहेत, त्यांच्या बाजूला दमट हवा राखली जाते आणि आपण काचेच्या जमिनीवरून, मूर्तींच्या अगदी डोक्यावरून चालतो.

छायाचित्र ओळखायचे तर आधी खांदा पाहावा. गोल भोक दिसले तर मूर्ती छिनची नाही. नुसत्या उघड्या अंगावर मात्र जाऊ नये, कारण छिन शी हुआंगच्या समाधीजवळ १९९९मध्ये कसरतपटूंचा जो खड्डा सापडला त्यातल्या माणसाएवढ्या मूर्ती कमरेच्या वर उघड्याच आहेत. आकारावरही पूर्ण भिस्त ठेवू नये. यांगच्यावान इथे १९६५मध्ये, म्हणजे छिनची फौज सापडण्याच्या नऊ वर्षे आधी, हान काळातले दोन हजारांहून जास्त छोटे सैनिक मिळाले. ते लहान आहेत, पण त्यांचे कपडे मातीचेच. नग्न, बिनहाताच्या मूर्ती राजघराण्यासाठीच होत असाव्यात, असे अभ्यासकांचे मत त्यामुळेच झाले.

खांद्यात भोक असले तरी ती मूर्ती यांगलिंगचीच असेल असेही नाही. शिआनजवळच्या ज्यांगत्सुन गावची समाधी वन सम्राटाची असल्याचे डिसेंबर २०२१मध्ये जाहीर झाले आणि तिथल्या खड्ड्यांतूनही अशाच बिनहाताच्या मूर्ती निघाल्या आहेत.